वेफर्सचे पाकीट एका बैठकीत संपवण्याची शास्त्रोक्त रीत

काही लोकांना अर्धे पाकीट खाऊन, तोंडाला रबर लावून ते डब्यात ठेवण्याची सवय असते. त्यांना सुधारण्यासाठी हे मार्गदर्शन.

वेळ संध्याकाळी सातची धरावी. स्वयंपाकघरातून ‘कुकर लावलाय, आता अरबटचरबट नको’ अशी ताकीद येऊन गेलेली असावी. पाकीट बशीत ओतू नये. बशी रिकामी होताना दिसते, पाकीट मात्र शेवटपर्यंत काही कळू देत नाही. त्यात हात घालून खावे.

चावताना आवाज झाकू नये. ऑक्सफर्डच्या चार्ल्स स्पेन्स यांनी सहकाऱ्यासह 2004 साली खाणाऱ्यांना त्यांचाच कुरकुराट हेडफोनवर मोठा करून ऐकवला, तर तेच वेफर्स त्यांना जास्त ताजे लागले. या शोधाला 2008 चे इग नोबेल हे गमतीशीर संशोधनाचे पारितोषिकही मिळाले. दातांना एवढाही त्रास नको असेल, तर मक्याचे फुगीर प्रकार घ्यावेत. ते जिभेवर ठेवताच विरतात. पोटाची वर्दी वर पोचेपर्यंत मूठभर आत गेलेले असतात.

मागची बारीक अक्षरे चष्मा काढून वाचावीत. ‘627, 631’ असे आकडे दिसल्यास ते पिनकोडचे तुकडे समजू नयेत. ती चव वाढवणारी द्रव्ये असतात. 100 ग्रॅमला साधारण साडेपाचशे कॅलरी असतात, हे वाक्य बोटांच्या मसाल्याने झाकले गेले तर उत्तमच. मिठाचे म्हणाल, तर जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमच्या आत राहा म्हणते. ती हद्द दुपारीच लोणच्या-पापडाने ओलांडली असेल, तर नव्याने काळजी कशाला? रक्तदाबाची गोळी पाकिटाला टेकवून ठेवावी, म्हणजे विसरत नाही.

संयमावर प्रवचन देणारे भेटतीलच. त्यांना अमेरिकेतल्या केविन हॉल यांचा 2019 चा प्रयोग ऐकवावा. 20 जणांना दोन आठवडे कारखान्यातले अतिप्रक्रिया केलेले अन्न आणि दोन आठवडे साधे अन्न दिले. पुढ्यात मांडलेली साखर, मीठ, चरबी, तंतू दोन्हीकडे सारखेच, आणि हवे तेवढे खायची मुभा. कारखान्याच्या अन्नावर तीच माणसे भराभर जेवली, रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खाऊन गेली आणि दोन आठवड्यांत जवळजवळ 900 ग्रॅमनी वाढली. साध्या अन्नावर तेवढीच उतरली. थोडक्यात, तुमचा संयम किती टिकतो याचा हिशेब पाकीट बनवणाऱ्याने आधीच केलेला असतो. त्याला खोटे पाडणे बरे दिसत नाही.

रिकामे पाकीट कचऱ्यात मेथीच्या देठांखाली दडपावे. जेवताना एक पोळी कमी घ्यावी आणि सर्वांना ऐकू जाईल असे म्हणावे, ‘हल्ली जेवण किती कमी केलंय, तरी वजन कसं वाढतं कळत नाही.’