खांदा आखडला, चला कुरडूवाडीला

"काय ओ काकू, आज डाव्या हातानं वाळवण पसरताय? उजवा कुठं गहाण टाकला?"

"गहाणच पडलाय बघ पोरी. खांद्याच्या वर जात न्हाई. वेणी घालायची तर सुनेपुढं बसायचं, पदर मागनं खोचायचा तरी तिलाच हाक मारायची. डाक्टरांनी फोटो काढला, हाड चांगलं हाय म्हनले. खांदा आखडलाय म्हणं. परवा सकाळच्या गाडीनं कुरडूवाडीला जायचंय, फिजिओथेरपीला. पहिलीच येळ. मला त्या मशिनीची धडकी भरलीय."

"मशीन राहू द्या बाजूला. लागलीच तर लागेल. पहिल्या दिवशी निम्मा वेळ बोलण्यातच जातो. माझी धाकटी बहीण तेच शिकलीय ना! चार वर्षं कॉलेज, वर सहा महिने दवाखान्यात काम. ती म्हणते, पेशंट नुसता 'दुखतंय' म्हणून बसतो, पुढं गाडी सरकत नाही."

"मग काय सांगायचं?"

"आत्ता मला सांगितलंत तेच. वेणी, पदर. कुंकवाच्या पुड्या भरायला बसता ते सांगा. किती वेळ बसता, हात किती उंच न्यावा लागतो, गोणी कोण हलवतं, सगळं. रात्री त्या कुशीवर झोपता येतं का, तेही विचारतील. शून्य ते दहात दुखणं किती, असंही विचारतात."

"दहात कशाला, सोळा आण्यात सांगते. दिवसा आठ आणे, रात्री चौदा."

पलीकडच्या कंपाउंडवरनं आत्यांनी मान वर काढली. "कुणाचे चौदा आणे गं? अन् खांद्याला एवढ्या लांब कशाला जायाचं? आमच्या माहेरच्या वाटंवर एक जण हाय. एक हिसका दिला की खांदा मोकळा!"

"आत्या, हिसका नको. सांध्याभोवतीचं आवरण जाड होऊन आवळलेलं असतं. ते बेतानं, थोडं थोडं सैल करावं लागतं. जोर केला की दुखणं आणखी भडकतं. एखाद्याचं हाड ठिसूळ असलं तर मोडायचंसुद्धा."

"पण हे हातवारे करून बरं व्हायचं फॅड आजकालचंच."

"आजकालचं कुठलं? देशातली पहिली फिजिओथेरपीची शाळा १९५३ साली निघाली, केईएममध्ये."

"आपल्या केम गावात?"

"अहो, मुंबईच्या केईएम हॉस्पिटलात! पोलिओनं लुळी पडलेली पोरं उभी करायची होती. त्याच्या आधी, १९५० साली, तिथंच कमलाबाई निंबकरांनी ऑक्युपेशनल थेरपीची शाळा काढली होती. दुखण्यातनं उठलेल्या माणसाला जेवणं, कपडे घालणं, रोजची कामं परत जमवून द्यायची, असं ते शास्त्र. बाई जन्मानं अमेरिकन, सून निंबकरांची. फलटणला त्यांच्या नावाचं बालभवन आहे."

"बघा, परदेशी सून अन् केवढं काम करून गेली," आत्या म्हणाल्या आणि भिंतीला आणखी टेकल्या.

"काकू, साखरेचं सांगणार ना तिथं?"

"खांद्याचा अन् साखरेचा काय संबंध? गोळी चालू हाय की."

"तिथंच तर मेख आहे. साखर असणाऱ्यांचा खांदा जास्त आखडतो. त्यातून चाळीस ते साठ वय, अन् बाईमाणूस. साखरेचा शेवटचा रिपोर्ट, फोटो, डॉक्टरांची चिठ्ठी अन् चालू गोळ्यांची पाकिटं सगळी एका पिशवीत घाला. नावं पाठ करत बसू नका. आणि उपाशी जायचं नाही. गाडीला उशीर झाला, तिथं नंबर लांबला, व्यायामात साखर उतरली तर घेरी येईल. भाकरी खाऊन निघा, पिशवीत खडीसाखर ठेवा."

"लुगडं कुठलं नेसू? सुनेनं नवा झंपर शिवलाय, दंडाला गच्च बसतो."

"तो लग्नाला घाला! तिथं खांदा उघडा करून बघतात. दोन्ही बाजूंची तुलना करतात, हात पुढून, बाजूनं, मागं किती जातो ते मोजतात. सैल, बिनबाहीचं काहीतरी आत घाला, वरनं ओढणी. बाई थेरपिस्ट हवी असेल तर फोन करतानाच विचारा. सूनबाईला संगं न्या."

"ती कशाला? तिकिटाचा खर्च."

"घरी आल्यावर व्यायाम कुणी मोजायचे? रोज तिथं जाणं व्हायचं नाही. भिंतीवर बोटं चढवायची, काठी धरून हात उचलायचा, असलं काही शिकवतील. तिला फोनवर व्हिडिओ घेऊ द्या, विचारून. किती वेळा करायचं, किती दुखलं तर थांबायचं, परत कधी यायचं, पैसे किती, हे तिथंच विचारून घ्या."

"अन् बरं कधी व्हायचं?"

"गोड बोलून फसवत नाही. हे दुखणं हळू उतरतं. कुणाला वर्ष लागतं, कुणाला दोन-तीनही. पण तुम्हाला नेमकं काय करता यायला हवंय, ते ठरवून जा. त्यावर ते व्यायाम बसवतात."

काकू जरा थांबल्या. "उत्तरेश्वराच्या देवळातली घंटा उजव्या हातानं वाजवायचीय."

"तेच सांगा. तेवढं पुरतं."

आत्यांना राहवेना. "माझ्या मांडीत सळई हाय, माझा गुडघा बी धरलाय. मला जमंल का गं?"

"जमेल, पण सळईचं आधी सांगायचं. पेसमेकर असला तरी आधी सांगायचं. काही मशिनी अशांना चालत नाहीत. आणि एक दोघींनीही ध्यानात ठेवा. खांदा-हात दुखतोय, त्यात छातीवर दडपण, घाम, धाप असेल तर तो खांदा नव्हे. तेव्हा ना व्यायाम, ना शेक. १०८ ला फोन लावायचा."

"म्हंजे ऐक गं," काकूंनी आत्यांना सगळं गोळा करून सांगितलं. "कागदं, गोळ्या, सैल झंपर, पोटात भाकरी, संगं सून. अन् साखर लपवायची न्हाई."

"अन् व्यायाम?"

"ते घरी, रोज. दवाखान्यात शिकवत्यात, खांदा घरात सुटतो. तुझी बी चिठ्ठी आण डाक्टरांची, दोघी मिळून जाऊ."