नकाराधिकार आधी, जेवण नंतर

पुण्या-मुंबईच्या कॉलेजांत हल्ली शनिवार-रविवारी संयुक्त राष्ट्रसंघ भरतो. त्याला म्हणायचं ‘एमयूएन’, म्हणजे मॉडेल युनायटेड नेशन्स. बाबांचा ब्लेझर चढवलेला अकरावीतला मुलगा रशिया होतो, शेजारच्या बाकावरची मैत्रीण युक्रेन, आणि दुपारी दोघं एकाच डब्यातला पराठा खातात.

इथे ‘मी’ म्हणायची सोय नाही. ‘फ्रान्सच्या प्रतिनिधीला असं वाटतं’ म्हणायचं. एसी फार गार झाला तरी देशाची पाटी वर करून रीतसर ‘पॉइंट ऑफ पर्सनल प्रिव्हिलेज’ मांडायचा. अध्यक्षांनी, म्हणजे एसवायच्या ताईने, तो गंभीर चेहऱ्याने मान्य करायचा. मग शिपाईकाका रिमोट शोधायला निघतात. (दिवसभरात अंमलबजावणी झालेला बहुधा हा एकच निर्णय.)

खरी मुत्सद्देगिरी चालते ती ठरावाचा मसुदा कोणाच्या लॅपटॉपवर टाइप करायचा यावरून. गाझा, हवामानबदल वगैरे आहेच. पण ‘बेस्ट डेलिगेट’ एकच, आणि परदेशी विद्यापीठाच्या अर्जात तोच लिहायचा असतो.

सुरक्षा परिषदेच्या 15 जागांपैकी नकाराधिकाराच्या 5 जागा जुन्याजाणत्या खेळाडूंना जातात. यावर नवखे कुरकुरतात. पण 1945मध्ये तरी वेगळं काय झालं होतं? भारत वाट्याला आलेली मुलगी कायमच्या जागेची मागणी तळमळीने मांडते, सगळे बाक वाजवतात, आणि विषय पुढच्या सत्रावर ढकलला जातो. एवढं मात्र अगदी हुबेहूब.