मांडी थरथरते तेव्हा

नव्या साहेबांनी मीटिंगच्या खोलीबाहेर वेताची टोपली ठेवली आणि फर्मान काढलं: फोन इथे टाकायचे, मगच आत यायचं. गणपतीत फळं ठेवायला आणलेलीच ती टोपली. माझा फोन उपडा पडला, तो सुलटा केला, नमस्कार तेवढा घालायचा राहिला.

आत तिमाही विक्रीचे आकडे सुरू झाले आणि माझी उजवी मांडी थरथरली. हात खिशावर गेला. खिसा रिकामा! फोन जवळ नसतानाही तो वाजल्याचा भास अनेकांना होतो, यावर डॉक्टर मंडळींनी अभ्यास केलेत म्हणे. माझ्या मांडीने ते वाचले नसावेत, कारण ती पुन्हा थरथरली.

ऑफिस सुटल्यावर साहेबांचा फोन न घेण्याचा हक्क मिळावा म्हणून सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली लोकसभेत खाजगी विधेयक मांडलं होतं. फ्रान्समध्ये तर तसा कायदा २०१७ पासून लागू आहे. मला त्याचा काडीचा उपयोग नाही. साहेबांचा फोन आला की धडधडतं, आणि नाही आला की आपल्याला वगळून नवा ग्रुप काढला की काय, या विचाराने झोप उडते.

तेवढ्यात बाहेर टोपली घुरघुरली. वेतावर व्हायब्रेशन फार वाजतं. सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. मी मात्र उठलोच. "जरा जाऊन येतो" म्हणालो, टोपलीतला काळा फोन उचलला आणि थेट बाथरूम गाठलं.

स्क्रीनवर मेसेज होता: 'अहो, येताना कोथिंबीर. मागच्यासारखी पिवळी नको.' जीव भांड्यात पडला. नोकरी शाबूत, संसार शाबूत. 'आणतो' असं कळवायला पॅटर्न काढला. चुकला. पुन्हा काढला, पुन्हा चुकला. घाम पुसत फोन उलटा केला, तर कव्हरात लोकलचा पास खोचलेला. फर्स्ट क्लासचा. मी सेकंड क्लासने लोंबकळत येतो.

धावत परतलो. साहेब टोपलीवर ओणवे होऊन एकेक फोन चाचपत होते. आत मीटिंग कोण चालवत होतं, देव जाणे. मी फोन पुढे केला. काय बोलावं सुचेना, म्हणून म्हणालो, "वहिनींनी कोथिंबीर सांगितली आहे."

साहेबांनी मेसेज वाचला, आतल्या दाराकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "बाथरूममध्ये रेंज येते का हो?"