ढोल, ताशा की टोल? होतकरू वादकासाठी वाद्यनिवड

भरताच्या नाट्यशास्त्राने वाद्यांचे चार वर्ग केले: तत, सुषिर, अवनद्ध आणि घन. म्हणजे तारांची, फुंकायची, चामड्याने मढवलेली आणि धातूची. ढोल-ताशा पथकाला यातले शेवटचे दोनच वर्ग पुरतात. सुरांची जबाबदारी असलेले पहिले दोन वगळल्यामुळे पथकाचे दार फार मोठ्या लोकसंख्येला उघडले. गळा नाही, कान यथातथाच, गाण्याची एकही परीक्षा दिलेली नाही, अशा कोणालाही पावसाळा लागला की वाद्यपूजनाला नारळ घेऊन उभे राहता येते. प्रश्न उरतो तो हाती काय घ्यावे एवढाच. ठाण्याच्या माजिवड्यात राहणाऱ्याने हा निर्णय आवाजावरून घेऊ नये. वाद्य वाजते दोन तास, उचलावे लागते दिवसभर.

पहिली पसंती बहुधा ढोलाला मिळते. ढोल छायाचित्रात उठून दिसतो आणि शंभर ढोलांमध्ये आपला एक चुकला तर कळत नाही, ही दोन कारणे सबळ आहेत. उजव्या हातात टिपरू, डाव्या हाताची थापी, आणि मधले पिंप कमरेला करकचून बांधलेले, अशी त्याची रचना. बांधताना श्वास आत घेऊन ठेवू नये. तसे केल्यास ढोल पहिल्या चौकातच गुडघ्यांवर उतरतो आणि उरलेली मिरवणूक वादक त्याला मांडीने ढकलत चालतो.

ढोल ताणणे हे दोघांचे काम. एकाने पिंपावर गुडघा रोवायचा, दुसऱ्याने दोरी ओढायची, आणि बाजूला उभ्या असलेल्या तिसऱ्याने पानावर बोटाचे पेर आपटून ‘अजून हवाय’ म्हणायचे. या तिसऱ्याला पुढे पथकात मानाचे स्थान मिळते असे दिसून येते. चामड्याचे पान पावसात भिजले की आवाज गादीवर थाप मारल्यासारखा येतो. म्हणून बहुतेक पथकांनी फायबरचे पान पत्करले. त्याला पावसाचे काही वाटत नाही, कानांचेही नाही. सरावाच्या पहिल्या आठवड्यात अंगठ्याला आणि तर्जनीला फोड येतात. ते फुटू न देता पांढरी चिकटपट्टी गुंडाळावी. पट्टी नेमकी बोटांवर आणि कार्यालयात सर्वांना दिसेल अशी असावी. ‘काय झालं?’ असे कोणी विचारल्याशिवाय फोड बरे होत नाहीत.

वाहतुकीचा विचार आधीच करावा. तेविसाव्या मजल्यावरून ढोल खाली आणताना रखवालदार सामानाच्या लिफ्टकडे बोट दाखवतो, आणि ती लिफ्ट त्या दिवशी कोणाच्या तरी सोफ्यासाठी अडकलेली असते. शेअर रिक्षात ढोल हा तिसरा प्रवासी धरला जातो. त्याचे भाडे मागितल्यास वाद घालू नये, कारण कापूरबावडीपर्यंत तो एकटाच आरामात बसलेला असतो.

पथकांचे आजचे शिस्तबद्ध रूप पुण्यात, ज्ञानप्रबोधिनी आणि रमणबाग यांसारख्या शाळांच्या पथकांतून घडले. तिथून ते ठाणे-डोंबिवलीला आले आणि इथे त्याला गणपतीखेरीज दुसरा हंगाम मिळाला. डोंबिवलीच्या गणेश मंदिर संस्थानाने 1999 मध्ये गुढीपाडव्याची स्वागतयात्रा सुरू केली, ठाण्यात कौपिनेश्वराच्या परिसरातून यात्रा निघू लागली. पूर्वी जी कंबर भाद्रपदात एकदाच धरायची, ती आता चैत्रातही धरते. पाडव्याला पाऊस नसतो, पण ऊन असते. नऊवारी, नथ, फेटा आणि वर ढोल असा भार घेऊन डोंबिवलीचा फडके रोड पार करणाऱ्या मुली पाहिल्या की या वाद्याला पुरुषी म्हणण्याची चूक कोणी करणार नाही.

ताशा ज्याला जमतो त्यालाच द्यावा, आणि ज्याला जमतो त्याला ते आधीपासून माहीत असते. हे वाद्य उथळ. हा शब्द केवळ आकारापुरता घ्यावा. दोन बारीक काड्यांनी त्यावर तर्री काढतात, आणि त्या तर्रीवर सारे ढोल उठतात-बसतात. हात, म्हणजे ठेका, कधी बदलायचा हे ताशा ठरवतो. त्यामुळे ताशेवाल्याच्या स्वभावात काही महिन्यांत फरक पडतो. तो जेवणाच्या टेबलावर, रेल्वेच्या खिडकीच्या गजावर, समोरच्याचे बोलणे चालू असताना स्वतःच्या मांडीवर वाजवू लागतो. घरात सरावासाठी पोळ्यांच्या डब्याचे झाकण वापरू नये. आवाज उत्तम येतो, हीच अडचण. हे वाद्य फार दूरही गेले आहे. 1845 पासून त्रिनिदादला गेलेल्या गिरमिटिया मजुरांनी ते सोबत नेले आणि तिथे ते आजही ‘तासा’ या नावाने वाजते. समुद्र ओलांडूनही ज्याचा आवाज कमी झाला नाही, ते बंद खिडकीने कमी होईल अशी आशा शेजाऱ्यांनी ठेवू नये.

झांजेबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. ती हलकी असते, पिशवीत मावते, आणि वाजवणाऱ्याला नाचताही येते. पाश्चात्त्य वाद्यवृंदात ती तुर्की लष्करी बँडांकडून आली. इस्तंबूलच्या झिल्जियान घराण्याचा झांजांचा धंदा 1623 पासूनचा सांगतात. पथकात मात्र झांजवाल्याला कोणी घराणे विचारत नाही, पाण्याच्या बाटल्या कुठे आहेत एवढेच विचारतात.

टोल हे सर्वांत गैरसमजाचे वाद्य. शाळेच्या घंटेसारखी धातूची जाड तबकडी, दोरीने लटकवलेली, आणि तिच्यावर हातोडीचा एकेक ठोका. पाहणाऱ्याला हे सोपे वाटते. ते सोपे नाही, कारण ठोक्यांच्या मधला वेळही वाजवावा लागतो. ब्रुकनर या ऑस्ट्रियन संगीतकाराच्या सातव्या सिम्फनीत तासाभराच्या वादनात झांजवाल्याच्या वाट्याला एकच आघात येतो. तो येईपर्यंत त्याने मोजत राहायचे, जांभई द्यायची नाही आणि नेमक्या क्षणी उठायचे. टोलवाल्याची तपश्चर्या त्याच जातीची, फरक इतकाच की सिम्फनीतल्या माणसाला खुर्ची मिळते. ढोलाची चूक शंभरांत विरते, टोलाची चूक तलावपाळीपर्यंत जाते. सबब हे वाद्य शांत, अबोल आणि लेखापालाच्या वृत्तीच्या माणसाकडे सोपवावे. माजिवड्यात ‘टोल’ म्हटले की लोकांना आनंदनगरचा नाका आठवतो. तिथे 2024 च्या ऑक्टोबरपासून हलक्या वाहनांची सुटका झाली. या टोलाला तशी सवलत नाही.

ज्यांची पाठ आधीच गेली आहे त्यांनी बेंजो पथकाचा विचार करावा. माजिवडा, बाळकुम, कोलशेत ही मुळातली आगरी-कोळ्यांची गावे. टॉवर नंतर आले. गावातल्या हळदीला बेंजो लागतोच. त्यात नाशिक ढोल, कच्छी ढोल, ताशा आणि मधोमध ऑक्टोपॅड असतो. रोलँड या जपानी कंपनीने तो 1985 मध्ये आठ चौकोनी पट्ट्यांसह बाजारात आणला. या एका वाद्यात संबळ, हलगी, ढोलकी, काच फुटल्याचा आवाज आणि क्वचित घोड्याचे खिंकाळणेही सापडते. ते टेम्पोवर ठेवलेले असते, आणि त्यामागे वादक बसू शकतो. मिरवणुकीत बसून वाजवण्याची मुभा देणारे तालवाद्य दुसरे नाही. जनरेटर बंद पडला तर मात्र त्याचा आवाज लाकडी पाटाइतका होतो, तेव्हा त्या मिनिटांसाठी कोणा ढोलवाल्याशी आधीच मैत्री ठेवावी.

ध्वज हे वाद्य नव्हे. तरीही ताल न जमणाऱ्यांना ध्वज देण्याची प्रथा असल्याने नोंद केली. ध्वजालाही ताल लागतो, हे त्यांना नंतर समजते.

सरावाची जागा शोधताना लक्ष उड्डाणपुलाखाली जाते. वर छप्पर, पाऊस लागत नाही, आणि घोडबंदर रोडची वाहतूक पथकापेक्षा मोठ्याने वाजत असल्याने तक्रार कोणाची करायची हे कोणाला ठरवता येत नाही. कायदा मात्र ठरवतो. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्र दहाला सुरू होते. 55 डेसिबलमध्ये दोन माणसे बऱ्यापैकी गप्पा मारू शकतात. त्यात ढोल बसवण्याची पद्धत अद्याप सापडलेली नाही. 2024 च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय हरित लवादाने पुण्याच्या पथकांना प्रत्येकी तीसच माणसांची मर्यादा घातली. सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. ती मर्यादा टिकली असती तर पाण्याच्या बाटल्या वाहणारा तिसांत धरायचा की नाही, यावर पथकांत स्वतंत्र खटला उभा राहिला असता.

इतका विचार करून निवड झाल्यावर सरावाच्या पहिल्या दिवशी पथकप्रमुख प्रत्येकाला शिल्लक असेल ते वाद्य देतो. ते मुकाट्याने घ्यावे.

हंगाम संपल्यावर चामड्याच्या ढोलाच्या दोऱ्या सैल कराव्यात, नाहीतर पान ताणून फाटते. ढोल माळ्यावर आडवा ठेवावा. त्यावर दिवाळीचा आकाशकंदील आणि जुन्या गाद्या ठेवल्या जातील, त्यास हरकत घेऊ नये. टिपरू मात्र वेगळे लपवावे. उघड्यावर राहिल्यास ते खिडकीला अडसर म्हणून लागते, आणि पुढच्या जूनमध्ये सरावाला निघताना खिडकी आपटू लागते तेव्हाच ते कुठे आहे हे घरच्यांना आठवते.