कुटाला तेल सुटलं

मराठी घरात दाण्याचं कूट शिकवतात, त्यात खरी विद्या मिक्सर कधी बंद करायचा याचीच. दाणे मंद आचेवर खमंग भाजायचे, निवू द्यायचे, चोळून सालं काढायची, पाखडायचे आणि मग बटण असं थांबत थांबत फिरवायचं की भरड तर व्हावी, पण तेल सुटू नये. दाण्यात वजनाच्या जवळजवळ निम्मं तेल असतं. ते बाहेर यायला टपलेलंच असतं. ते सुटलं की कूट भांड्याच्या बुडाशी गोळा होऊन बसतं आणि घरातली वडीलधारी बाई झाकण उघडून नुसतं ‘हं’ म्हणते. त्या ‘हं’च्या धाकात आमच्या पिढीतल्या सुनांची उमेदीची वर्षं गेली.

आणि इथे अमेरिकेत येऊन बघते, तर तेल सुटलेलं कूट बरणीत भरून विकायला ठेवलेलं! वर ऐटीत नाव काय, तर पीनट बटर. ज्या कर्माबद्दल तिकडे सून बोलणी खाते, त्यावर इकडे कारखाने चालतात.

मी लेकीकडे, न्यू जर्सीत एडिसनला आले होते. नातीने फर्मान काढलं की आजीने आणि तिने मिळून पीनट बटर सँडविच कुकीज करायच्या. म्हणजे दाण्याची दोन बिस्किटं आणि मध्ये पुन्हा दाण्याचंच सारण. दुकानात ही तयार मिळतात. ‘नटर बटर’ नावाचं शेंगेच्या आकाराचं बिस्किट 1969पासून विकलं जातंय. गर्ल स्काउटच्या मुली दरवर्षी खोकी घेऊन बिस्किटं विकतात, त्यांतही हा प्रकार असतोच; भाजणाऱ्या बेकऱ्या दोन, म्हणून कुठे त्याला ‘डो-सी-डो’ म्हणतात, तर कुठे सरळ पीनट बटर सँडविच. पण नातीला घरचीच हवी होती. हा गुण माझ्याकडून आला असणार.

पहिलं काम ओव्हन रिकामा करणं. एडिसनमधल्या आपल्या लोकांच्या घरी ओव्हनमध्ये कढया, तवे, कुकरची जास्तीची झाकणं आणि निर्लेपचा तो एक तवा, जो टाकवत नाही आणि वापरवतही नाही, असा संसार असतो. तो सगळा बाहेर काढून ओट्यावर मांडला, तेव्हा बिस्किटं लाटायला जागाच उरली नाही. मग कळलं की ही लाटायची नसतातच, गोळे करून दाबायची असतात.

नात पाककृती वाचून दाखवत होती आणि मी हाताच्या अंदाजाने घालायला जात होते. दर वेळी ती माझं मनगट धरी. ब्राउन शुगर कपात दाबून दाबून भरायची, मैदा मात्र अजिबात दाबायचा नाही. का, तर ब्राउन शुगरमध्ये काकवीचा अंश असतो, ती ओलसर, ढेकळाढेकळांची. दाबल्याशिवाय तिचं माप खरं येत नाही. मैदा दाबला तर नको तेवढा जास्त जातो आणि बिस्किट कोरडं होतं. लोणी ‘स्टिक’मध्ये मोजायचं, एक स्टिक म्हणजे 113 ग्रॅम. ओव्हन 350 अंशांवर. मी दचकले, मग लेक म्हणाली, ‘अगं आई, फॅरनहाइट. आपले 177.’ या देशाने अंतर, वजन आणि ऊन तिन्ही वेगळ्या हिशेबात मोजायचं ठरवलंय, पाहुण्याने तरी कुठे कुठे भांडायचं!

बरणीवरून मात्र भांडण झालं. मी आणली होती ती नुसत्या दाण्यांची, वर बोटभर तेलाचा तवंग. नातीला हवी होती ती न फुटणारी. त्या दुसऱ्या जातीत वनस्पती तुपासारखं घट्ट केलेलं तेल थोडंसं घालतात, म्हणून ते दाण्याच्या तेलाला धरून ठेवतं. बिस्किटाला तीच बरी, तवंगवालीने पीठ भुसभुशीत होतं.

इथे जावई मध्ये पडले. ते औषध कंपनीत आहेत. अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन हा त्यांच्या पोटापाण्याचाही विषय आणि जेवताना बोलायचाही. त्यांनी सांगितलं, पीनट बटरमध्ये दाणे किती असावेत यावर सरकार आणि कारखानदार यांच्यात 1959पासून बारा वर्षं वाद चालला. कारखानदार म्हणत 87 टक्के पुरे, सरकार म्हणे 90. सुनावणीची साडेसात हजारांवर पानं झाली. रूथ डेस्मंड नावाच्या गृहिणी, गृहिणींच्या संघटनेच्या प्रमुख, सुनावणीला हजर राहून कारखानदारांशी भांडत. शेवटी 1971मध्ये 90 टक्क्यांचा नियम लागू झाला. जावयांना ही गोष्ट फार थोर वाटते. मला आमच्या गावाकडचे दावे आठवले. तीन टक्क्यांसाठी बारा वर्षं म्हणजे काही फार नाही. आमच्याकडे वीतभर बांधासाठी तिसरी पिढी तारखा घेतेय. डेस्मंडबाई मात्र आवडल्या. त्यांनी कुणाच्या तरी कुटाचं झाकण उघडून नक्की ‘हं’ म्हटलं असणार.

गोळ्यांवर काट्याने आडव्या-उभ्या रेघा मारणं हे नातीचं खातं. दाण्याचं पीठ जड, ते आपणहून पसरत नाही, म्हणून दाबावं लागतं. काट्याने दाबण्याची ही रीत निदान 1933 इतकी जुनी आहे. पिल्सबरी कंपनीच्या त्या सालच्या पुस्तकात तसं सांगितलंय.

दहा मिनिटांत नात म्हणाली, ‘काढ.’ मी बोट लावून पाहिलं, मध्ये लिबलिबीत. ‘अगं, कच्ची आहेत!’ ‘आजी, कडा घट्ट झाल्या की काढायची. बाहेर घट्ट होतात.’ माझ्या मते जो पदार्थ विस्तवावर झाला नाही, तो बाहेर बसून काय होणार? पण ती ओव्हनच्या दारापाशी हात पसरून उभी राहिली. बिस्किटं ट्रेवर निवत गेली आणि खरोखरच घट्ट झाली. मी काही बोलले नाही, नुसतं ‘हं’ म्हटलं.

शाळेत न्यायची तर सोय नाही. दाण्याची ॲलर्जी काही मुलांच्या जिवावर बेतते, म्हणून नातीच्या शाळेत दाण्याला बंदी. म्हणजे सगळी घरीच संपवायची. आणि नेमकी दुसऱ्या दिवशी संकष्टी.

बिस्किटात मैदा आणि अंडं, प्रश्नच मिटला. पण सारण? दाणे चालतात, लोणी चालतं, साखर चालते. मी मोठ्या आशेने चमचा उचलला, तर जावयांनी लेबल वाचायला घेतलं. इथल्या पिठीसाखरेत गुठळ्या होऊ नयेत म्हणून मक्याचं पीठ असतं. बरणीत कसलंकसलं तेल. उपास मोडला असता.

मग मी लेकीचा 110 व्होल्टचा मिक्सर काढला. साखर घरी दळली. दाणे भाजले, सोलले, भांड्यात घातले आणि बटण फिरवून धरूनच ठेवलं. आधी भरड, मग गोळा. लेक सवयीने ओरडली, ‘आई, तेल सुटतंय!’ म्हटलं, सुटू दे. आणखी थोड्या वेळाने गोळा सैल होऊन भांड्यात वाहायला लागला. त्यात लोणी, साखर, चिमूटभर सैंधव.

नात म्हणाली, दुकानातल्यापेक्षा छान. लेक म्हणाली, साखर जरा जास्त झालीय. जावई काहीच बोलले नाहीत. वाटीतलं अर्धं सारण चमच्याने संपवलं, फोनवर एडिसनचा चंद्रोदय किती वाजता ते पाहिलं, आणि आजवर एकदाही उपास न केलेल्या त्या गृहस्थांनी जाहीर केलं की या महिन्यापासून आपण दर संकष्टीला कडक उपास धरणार.