पिणं परवडलं, पण हे हुंगणं!

कळलं ना तुम्हाला? आलं हो, आपल्या सोसायटीपर्यंत आलं ते. शनिवारी रात्री सी विंगमध्ये सहा-सात माणसं जमली, व्हिस्कीच्या चार बाटल्या उघडल्या, आणि साडेअकरापर्यंत ना कुणी किशोरकुमार झालं, ना कुणी रडलं, ना कुणाला शाळेतलं प्रेम आठवलं. वॉचमन बिचारा दोनदा वर डोकावून आला, काही बरंवाईट तर झालं नाही ना म्हणून. आत सगळे ग्लासाला नाक लावून गप्प. याला म्हणे टेस्टिंग म्हणायचं.

‘बसणं’ आपल्याला ठाऊक होतं. त्याला काही रीतभात होती. छोटा पेग ३० मिलीचा, मोठा ६० चा. वर सोडा, मूठभर बर्फ, बशीत शेंगदाणे आणि मसाला पापड, आणि ‘आता शेवटचा’ म्हणत म्हणत रिकामा झालेला खंबा. या मंडळींनी सगळंच मोडीत काढलंय. ग्लास पोटाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळता, म्हणजे वास वर गोळा होतो. ग्लेनकेर्न त्याचं नाव. आणि त्या ग्लासात ओततात किती? १५-२० मिली! आपण पोराला खोकल्याचं औषध जेमतेम याच मापाने देतो.

बरं, ओतली तर प्यावी की नाही? नाही. आधी हुंगायची. त्यातही नाक आत खुपसायचं नाही. किमान ४० टक्के अल्कोहोल असतं, झिणझिण्या येतात आणि वास काही कळत नाही. ग्लास हनुवटीशी धरायचा, हळूहळू वर आणायचा, आणि तोंड किंचित उघडं ठेवायचं. चारचौघांत, तोंड उघडं टाकून! मग चिमूटभर घोट. पहिला घोट धरायचाच नाही म्हणे, तो जिभेची समजूत काढायला. चवीचा विचार दुसऱ्या घोटापासून. तो जिभेवर सगळीकडे फिरवायचा, गिळायचा आणि मागे काय उरतं याची वाट बघत बसायचं. एका घोटाला पाच मिनिटं. तेवढ्यात आपल्या तळमजल्यावरच्या काकांचा एक मोठा होतो.

बर्फाला मज्जाव, कारण गारठ्यात वास दबतो. पाणी चालतं, पण ड्रॉपरने. सेक्रेटरीबाईंना वाटलं कुणाचे डोळे आलेत. तर त्यावरही शास्त्र तयार! २०१७ मध्ये स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी संगणकावर मांडून दाखवलं, की पाणी घातल्यावर ग्वायकॉल नावाचं धुरकट वासाचं द्रव्य पृष्ठभागाकडे येतं, म्हणजे थेट नाकापाशी. आणि नाकाचं म्हणाल, तर रिचर्ड पॅटरसन या स्कॉटिश मिश्रणतज्ज्ञाच्या नाकाचा चक्क विमा उतरवलेला होता. इथे आपल्या गुडघ्याचा क्लेम मंजूर होत नाही.

चकण्याचं ऐकाल तर डोळ्यांत पाणी येईल. फरसाण बंद, शेव बंद, तिखट काहीच नाही, कारण जीभ कामातून जाते. अत्तर लावून येऊ नका, गजरा माळून येऊ नका. साधं पाणी आणि कोरडी बिस्किटं. एकादशीला याहून बरं मिळतं.

आणि मग सुरू होते खरी बडबड. एकाला केळ्याचा वास आला. लगेच दुसरा म्हणाला, केळं नाही, शिकरण. आपल्याला वाटावं चढली, पण नाही. आंबवताना यीस्ट जी एस्टर तयार करतं, त्यातल्या एकाला खरोखर पिकल्या केळ्याचा वास असतो. व्हॅनिला येतो तो लाकडातून. अमेरिकेत बर्बन व्हिस्कीला दरवेळी नवीन, आतून जाळलेलं ओकचं पिंप लागतं, कायदाच आहे तसा. वापरलेली पिंपं मग स्कॉटलंडला जातात आणि तिथल्या दारूला गोडसर वास देतात. शेरीच्या पिंपात मुरलेली असली की मनुका आणि सुकं अंजीर. म्हणजे दुसऱ्याच्या उष्ट्या पिंपाचे हे जास्त पैसे मोजणार!

सगळ्यात शेवटी ठेवली होती स्कॉटलंडच्या आयला बेटावरची. तिथे बार्ली पीट नावाच्या दलदलीतल्या मातीच्या धुरावर वाळवतात. झाकण उघडल्याबरोबर सरकारी दवाखाना दारात उभा: टिंक्चर आयोडीन, बँडेज, धूर. नवख्याने इथून सुरुवात करू नये, आधी हलक्या चवीच्या घ्याव्यात, असं त्यांच्यातच ठरलंय, कारण ही आधी घेतली तर पुढच्या तिन्हींची चव मेली. एवढं कळतंय, तरी घेतात!

पण गंमत सांगू? जन्मात हेदरचं फूल न पाहिलेले एक गृहस्थ ‘हेदर, हेदर’ करत होते. कुणालाच काही लागेना. तेवढ्यात चौथ्या मजल्यावरची पोरगी म्हणाली, “काकवी. आणि मागून लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशीचं अंगण, फटाक्यांचा कचरा झाडतात ना, तेव्हाचं.” लागल्या सगळ्यांच्या माना डोलायला. तिने म्हणे वही ठेवलीय. घरात जे जे हुंगलंय, त्याच्याशीच जुळवते. बायकांनी व्हिस्कीतलं काय सांगावं, असं कुणीतरी पुटपुटलं, तर तिने सुनावलं, की ज्या बाटलीपुढे तुम्ही हात जोडता त्या लाफ्रॉइगची डिस्टिलरी १९५४ पासून बेसी विल्यमसन नावाच्या बाईने चालवली. घ्या!

पुढचं तर ऐकवत नाही. बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या होत्या. पूर्वी शेजाऱ्यांपासून लपवायला गुंडाळायचे, आता स्वतःपासूनच. लेबल दिसलं की जीभ खोटं बोलते म्हणे. सगळ्यांनी एकमताने जी पहिली ठरवली, तिचा कागद सोडला तर निघाली गोव्याची, पॉल जॉन. जावयाने ड्यूटी फ्रीमधून आणलेली तिसरी. सासऱ्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. आता हे नवं नाही. बंगळुरूच्या अमृतने २००४ मध्ये आपली सिंगल माल्ट थेट ग्लासगोत नेऊन विकायला काढली, आणि २०१० च्या ‘व्हिस्की बायबल’मध्ये समीक्षक जिम मरेने त्यांच्या ‘फ्यूजन’ला जगात तिसरी म्हटलं. कारखाना जगदाळ्यांचा, हे कळल्यावर आपल्या जगदाळेवहिनी नातं जुळवायला बसल्यात. या व्हिस्कीचं वय मात्र विचारायचं नाही. स्कॉटलंडच्या थंडीत पिंपातून वर्षाला साधारण २ टक्के उडून जाते, बंगळुरूत १० टक्क्यांच्या वर. बारा वर्षं ठेवली तर पिंपात उरणार काय? इथे ती लवकर मुरते, लवकर बाहेर पडते. गडद रंग बघूनही भुलू नका. स्कॉचमध्येसुद्धा रंगासाठी कॅरॅमल घालायला परवानगी आहे.

आणि हो, कायदा! १९४९ चा दारूबंदी कायदा आपल्याकडे अजून आहे. व्हिस्कीला पंचविशी पूर्ण हवी आणि प्यायचा परवाना हवा. काका चाळीस वर्षं पितायत, परवाना बघितलेला नाही. या हुंगणाऱ्यांनी तो रीतसर काढलाय. गुन्हा करायची हौससुद्धा राहिली नाही या पिढीला.

आता जे सांगतोय ते तुमच्यातच ठेवा. त्या पोरीला गाडी चालवत आईला आणायला जायचं होतं. तर तिने प्रत्येक घोट तोंडात घोळवला आणि भांड्यात चक्क थुंकला. एकेका बाटलीला काही हजार पडलेले! काका उसळले, “अगं, वाया घालवलीस!” ती शांतपणे म्हणाली, “काका, चारही कशा लागल्या ते मी आत्ता सांगते. गेल्या शनिवारची तुमची कशी होती?”

काका काही बोलले नाहीत. पण आपण का गप्प बसायचं? पुढच्या सर्वसाधारण सभेत विषय निघालाच पाहिजे. ‘येथे थुंकू नये’च्या पाट्या जिन्यात काय उगाच लावल्यात?