स्वस्तातला पॅसिफिक

काटकसरी प्रवाशाचा घात नकाशा करतो. पॅसिफिक महासागरातली बेटं नकाशावर अशी शेजारीशेजारी दिसतात, की एकावर नाश्ता करावा आणि दुसऱ्यावर जेवायला जावं. हा प्रवासी खूश होतो, पट्टी लावतो आणि बजेट आखतो.

मग त्याला किरिबाती भेटतो. राजधानी तारावा पश्चिमेला, किरितिमाती बेट पूर्वेला, मध्ये तीन हजारांहून अधिक किलोमीटर पाणी. देश मात्र एकच. अनेक वर्षं या बेटावरून त्या बेटावर विमानाने जायचं, तर लोकांना आधी फिजी गाठावं लागे. आपल्याच देशात जायला परदेशातून! द्राविडी प्राणायाम करावा तर असा.

त्या मानाने होनोलुलू ते ग्वाम हे युनायटेडचं ‘आयलंड हॉपर’ विमान सरळमार्गी. फक्त ते माजुरो, क्वाजालेन, कोस्राय, पोनपेई, चुक असं करत, लाल डब्याच्या इमानाने थांबत जातं. थेट विमान आठेक तासांत पोचतं तिथे याला चौदा-पंधरा तास लागतात. सोबत मेकॅनिक आणि सुटे भाग असतात, कारण मधल्या बेटावर काही बिघडलं तर दुरुस्तीला माणूस आणायचा कुठून? सामानात चिकटपट्टीने गच्च गुंडाळलेले कूलर असतात. त्यांत बर्फ आणि मासे. जवळपास प्रत्येक थांब्यावर पाय मोकळे करता येतात. क्वाजालेनला मात्र नाही. तिथे अमेरिकेचा लष्करी तळ आहे, त्यामुळे परवाना नसलेल्याने खुर्चीत बसून खिडकीतून दिसेल तेवढंच बेट पाहायचं.

भारतीय पासपोर्टवर याच वाटेतल्या मायक्रोनेशियाला व्हिसा लागत नाही, हे वाचून आपला प्रवासी हुरळतो. मागाहून कळतं, की होनोलुलू काय नि ग्वाम काय, दोन्ही अमेरिकेच्या ताब्यातली. तिथे नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा हवा. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला!

सामोआत काटकसरीची कसोटी निराळी. २०१३ मध्ये सामोआ एअर ही कंपनी जगभर गाजली, कारण तिने तिकीट किलोवर लावलं. माणूस आणि सामान, दोघांचं मिळून वजन. आजवर बॅगेतून टॉवेल काढून पैसे वाचवणाऱ्याला तिथे महिनाभर आधीपासून भात सोडावा लागला असता.

बोटीचा सौदा अधिक गोड. सामोआतल्या अपियाहून अमेरिकन सामोआतल्या पागो पागोला रात्रभरात पोचता येतं. सामोआने ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडशी व्यापार सोयीचा व्हावा म्हणून ३० डिसेंबर २०११ हा दिवसच कॅलेंडरातून गाळला आणि तारीखरेषेच्या पलीकडे उडी मारली. अमेरिकन सामोआ होता तिथेच राहिला. त्यामुळे गुरुवारी रात्री अपिया सोडणारा गुरुवारीच सकाळी पागो पागोला उतरतो. अख्खा दिवस फुकट! परतताना तो मुकाट्याने परत द्यावा लागतो, ही गोष्ट वेगळी.

आणि टोकेलाऊ? न्यूझीलंडच्या अखत्यारीतली ही तीन प्रवाळबेटं. विमानतळ नाही, बंदरही नाही. अपियाहून सुमारे पाचशे किलोमीटर जहाजाने, दिवसभराहून अधिक. पोचल्यावर जहाज बाहेरच थांबतं. माणसं आणि तांदळाची पोती लहान होडग्यातून किनाऱ्याला लागतात. लाट वर आली की पाय टाकायचा. विचार करत बसलं तर लाट खाली जाते.

पण त्याआधी जागा मिळायला हवी. बेटावर येण्याची परवानगी, मग रांग. आधी बेटावरचे लोक, त्यांचे आजारी, त्यांचं किराणा सामान. हौशी पाहुणा शेवटी. विमानाने जाणं किती महाग पडलं असतं, असं मनाचं समाधान करून घ्यायचीही सोय नाही, कारण विमानच नाही.

म्हणून आपला प्रवासी अपियात थांबतो. जहाज ‘हवा बरी असेल तर’ पुढच्या आठवड्यात. दरम्यान, लॉजच्या मालकीणबाईंनी त्याला महिन्याचा दर सांगितला आहे. रोजच्या भाड्यापेक्षा तो बराच स्वस्त पडतो, म्हणून स्वारी खुशीत आहे.